काळे, दुधाळ, पातळ : चेंबरमधले ऑइल काय सांगते?

शेत-यंत्र : वाचकांचे प्रश्न

पाऊस गेला, वायंगणाची (हिवाळी भातशेतीची) तयारी सुरू झाली. चार महिने कोपऱ्यात पडलेले पंप, पॉवर वीडर आणि ब्रश कटर बाहेर निघाले आणि आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रे आली : ऑइल खराब झाले. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळे पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या, चार स्ट्रोकच्या लहान इंजिनांचे. आकडे देताना होंडाचे जीएक्स १६० हे इंजिन धरले आहे (१६३ सीसी, ऑइल साधारण ०.६ लिटर), कारण त्याच धाटणीची इंजिने कितीतरी नावांनी बाजारात आहेत. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तकाचेच ऐका.

प्रश्न : माझ्याकडे दोन इंची पेट्रोल पंप आहे, तीन वर्षांचा. ऑइल बरोबर पातळीला भरतो, पण आठ दिवसांनी झाकण उघडले की ते भोकातून बाहेर येते. काळे असते आणि अगदी पातळ. दोनदा बदलले, पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणतो रिंगा गेल्या, बोअर करावे लागेल. करू का?
— एक वाचक, केपे

उत्तर : थांबा. रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या की ऑइल कमी होते. तुमचे वाढते आहे. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल राहते त्या भागात) दुसरे काहीतरी येऊन मिळते आहे आणि ते ऑइल पातळ करते आहे. तुम्ही वर्णन केले आहे त्यावरून ते पेट्रोल असणार. खात्री होईपर्यंत इंजिन चालू करू नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलला वंगण म्हणण्यात अर्थ नाही. त्यावर अर्धा तास पंप चालवला तर आज नसलेले बोअरचे (सिलिंडर आतून कोरण्याचे) काम उद्या खरोखर निघेल.

डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी पाहायच्या काडीवरचा) थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळा. चांगले ऑइल काळे असले तरी बुळबुळीत लागते, बोटे सोडवताना किंचित तार धरते. पेट्रोल मिसळलेले ऑइल बोटांवर थांबत नाही आणि वासावरून लगेच कळते. काडी लावून पेटते का पाहण्याची काही जणांना सवय असते. ती सोडा, चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली असते.

पेट्रोल तिथे पोहोचते कसे? टाकी वर, कार्बोरेटर खाली. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल ठरावीक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडल वाट बंद करते. नीडलच्या टोकाला झीज झाली किंवा बैठकीवर गंजाचा एक कण अडकला की ही वाट बंद होत नाही. पेट्रोल वाटी भरून कार्बोरेटरच्या घशात चढते. इनटेक वाल्व उघडा राहिला असेल तर ते सिलिंडरमध्ये उतरते आणि रिंगांच्या फटींतून चेंबरमध्ये झिरपते. टाकीत तीन लिटरच्या वर पेट्रोल आणि चेंबरमध्ये जेमतेम ०.६ लिटर ऑइल, हा हिशेब लक्षात घेतला की आठ दिवसांत काय होते ते वेगळे सांगायला नको. पंप पिकअपच्या मागे कॉक उघडा ठेवून नेला तरी हेच होते : खड्ड्यांत फ्लोट नाचतो आणि प्रत्येक धक्क्याला थोडे पेट्रोल आत जाते.

दोष नीडलचाच आहे हे पाहण्यासाठी पेट्रोलचा कॉक बंद करा, एअर फिल्टर काढा, घशाचे तोंड फडक्याने कोरडे करा. आता इंजिन चालू न करता कॉक उघडा आणि दहा-पंधरा मिनिटे पाहा. घसा ओला झाला किंवा थेंब गळू लागले तर नीडल धरत नाही.

कार्बोरेटर उघडताना कॉक बंद, स्पार्क प्लगची टोपी काढलेली, जवळ विडी-सिगारेट नाही. वाटीच्या तळाचा बोल्ट काढा, वाटी उतरवा, फ्लोटची पिन सरकवली की फ्लोट आणि नीडल एकत्र हातात येतात. नीडलचे टोक उजेडाकडे धरून फिरवा. टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर नीडल बदला, घासून चालवू नका. बैठक कानातल्या कापसाच्या काडीने आणि कार्बोरेटर क्लीनरने पुसा, तार किंवा टाचणी घालू नका. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो भोक पडून जड झाला आहे.

जोडल्यावर, वाटी लावण्याआधी, कार्बोरेटर उलटा धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने नीडल बंद होईल. पेट्रोलच्या तोटीला स्वच्छ नळी लावून हलके फुंका. हवा जाता कामा नये. सुलटा केला की हवा मोकळी गेली पाहिजे. एवढे जमले तर दुरुस्ती झाली म्हणायची.

कचरा बहुतेक वेळा टाकीतून येतो. अर्धी रिकामी लोखंडी टाकी आपल्या दमट हवेत आतून गंजते. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. म्हणून टाकीतली जाळी आणि कॉकखालची गाळाची कपी याच वेळी साफ करा.

नंतर जुने ऑइल पूर्ण काढा. प्लग काढून, स्विच बंद ठेवून, प्लगची वायर भोकापासून लांब धरून दोरी पाच-सहा वेळा हळू ओढा, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल बाहेर पडेल. ठिणगी आणि ते पेट्रोल यांची गाठ पडू देऊ नका. नवे ऑइल घालून पंप दहा मिनिटे चालवा, पुन्हा वास घ्या. वास येत असेल तर तेही काढून टाका. तीन-चारशे रुपयांच्या ऑइलसाठी जीव खालीवर करू नका, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) त्याहून पुष्कळ महाग आहे. आणि यापुढे पंप बंद करताना कॉकही बंद, न विसरता.

प्रश्न : घरचा छोटा जनरेटर आहे. बिघडू नये म्हणून पावसाळाभर दर रविवारी दोन मिनिटे चालू करतो. तरी झाकणाच्या आत पांढरट, लोण्यासारखे काहीतरी जमते. मेकॅनिक म्हणाला हेड गॅस्केट गेले.
— एक वाचक, ताळगाव

उत्तर : हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमध्ये येते ते मोटारगाडीत. तिथे इंजिनात पाणी फिरत असते. तुमचे इंजिन हवेवर थंड होते. त्यात गॅस्केट फुटले तरी तिथून पाणी येणार कुठून?

रविवारची ती दोन मिनिटेच मुळाशी आहेत. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांवरून चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापले तर ती ब्रीदरमधून (चेंबरची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) निघून जाते. दोन मिनिटांत इंजिन कोमट होते, मग बंद पडून गार होते आणि वाफेचे थेंब झाकणाला आणि भिंतींना धरतात. पुढच्या रविवारी त्यात आणखी भर. आषाढात तर बाहेरची हवाही ओलीच.

साय फक्त झाकणाला असेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल तर झाकण पुसा आणि जनरेटर एकदा अर्धा तास भारावर चालवा. दोन केव्हीएच्या जनरेटरवर हजार वॉटची इस्त्री लावली तरी पुरे. महिन्यातून एकदा असे केले की रविवारचा उपद्व्याप बंद करता येईल. चालवायचा मात्र घराबाहेर, खिडकीपासून लांब. बंद पडवीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

डिपस्टिकवरचे ऑइलच दुधाच्या कॉफीसारखे असेल तर पाणी जास्त आहे आणि ऑइल बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. शंका असेल तर जुन्या उलथन्याचे पाते तापवा, आचेपासून लांब नेऊन त्यावर ऑइलचा एकच थेंब टाका. तडतडले तर पाणी आहे. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. मग पाणी कुठून आले ते शोधा : पागोळ्यांखाली ठेवलेले यंत्र, झाकणाची गेलेली रबरी रिंग, गरम इंजिनावर मारलेला पाण्याचा फवारा. यंत्र प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळणेही नको, आतली ओल आतच राहते. वर पत्रा आणि बाजू मोकळ्या, हे बरे.

प्रश्न : पंप नदीकाठी होता. पूर आला त्यात दोन दिवस पाण्याखाली गेला. काढून ठेवलाय, अजून हात लावलेला नाही.
— एक वाचक, साखळी

उत्तर : हात लावला नाहीत हे उत्तम. विशेषतः दोरी ओढली नाहीत हे. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोराने ओढले तर पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आधी प्लग काढा. मग ड्रेन बोल्ट काढून चेंबर रिकामा करा. पाणी जड असल्याने आधी पाणी येईल, मागून ऑइल. टाकी आणि कार्बोरेटरची वाटीही रिकामी करा. ते पेट्रोल पुन्हा वापरू नका. एअर फिल्टरचा कागदी भाग टाकून द्या, फोम धुता येतो. प्लग नसताना दोरी सावकाश ओढून सिलिंडरमधले पाणी बाहेर काढा, मग प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडा आणि पुन्हा चार वेळा ओढा. नवे ऑइल, नवे पेट्रोल, कोरडा प्लग घालून इंजिन भाराविना पाच मिनिटे चालवा, पण पंपात पाणी भरूनच, नाहीतर पंपाचे सील जळते. बंद करून गरम असतानाच ऑइल काढा. दुधाळ दिसले तर पुन्हा भरा, पुन्हा पाच मिनिटे. साधारण दोन-तीन फेऱ्यांत ऑइल स्वच्छ निघते. या फेऱ्यांसाठी महागडे ऑइल नको, योग्य ग्रेडचे साधे चालेल.

खाजनातले (खाडीलगतच्या खाऱ्या शेतातले) किंवा खाडीचे पाणी असते तर काम वेगळे. तिथे आधी सगळे गोड्या पाण्याने धुवावे लागते, आणि त्याच दिवशी. मीठ आत वाळले तर बेअरिंग आठवड्याभरात खरखरू लागते. तुमचे पाणी गोडे आहे, पण आणखी दिवस घालवू नका.

प्रश्न : कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पॉवर वीडर वापरतो. ऑइल बदलून दहा-बारा तास झाले की काळेकुट्ट. ऑइल भेसळीचे असेल का?
— एक वाचक, प्रियोळ

उत्तर : असू शकते, पण सगळ्यात आधी संशय तिकडे नेऊ नका. चांगल्या ऑइलमध्ये काजळी आणि मळ धरून ठेवणारे द्रव्य असते, त्यामुळे ऑइल काळे होणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. लहान इंजिनात बहुधा ऑइल फिल्टरही नसतो, सगळा मळ ऑइलच सांभाळते. आधीचे ऑइल वर्षभर आत राहिले असेल तर नवे ऑइल तो जुना मळ सोडवते आणि पहिल्या वेळी लवकर काळे होते. सलग तिसऱ्या वेळीही दहा तासांत काळे झाले तर मात्र कारण शोधायला हवे.

सुरुवात प्लगपासून करा. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर इंजिन पेट्रोल जास्त आणि हवा कमी घेते. बहुतेक वेळा एअर फिल्टर चोंदलेला असतो किंवा चोक (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणारी पट्टी) पूर्ण उघडत नाही. चोकचा दांडा ‘उघडा’ या खुणेवर असतो आणि आतली पट्टी अर्धी आडवी राहिलेली असते. फिल्टर काढून घशात डोकावल्याशिवाय हे समजत नाही. फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. पिळताना पिरगळू नका, फोम फाटतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो.

प्लग ओला आणि तेलकट, सायलेन्सरमधून निळसर धूर, ऑइलची पातळीही घटते : हे तिन्ही एकत्र दिसले तरच रिंगांकडे वळा. प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर ऑइल घालून, प्लग लावून दोरी ओढा. आधीपेक्षा ठळक जड लागली तर रिंगा झिजल्या आहेत. नुसत्या दोरीच्या जडपणावरून निकाल देऊ नका. या इंजिनांत दोरी हलकी करणारी सोय असते, त्यामुळे धडधाकट इंजिनही ढिले वाटते.

तिसरे कारण कुळागरात हमखास भेटते : तापणे. दोरीच्या घराची जाळी आणि सिलिंडरचे पंख सुपारीच्या सालीचे तंतू, नारळाचा काथ्या आणि चिखलाने भरतात. वरून दिसत नाही, कारण पंखांवर पत्र्याचे झाकण असते. ते उघडा, सुकलेला कचरा लाकडी काडीने काढा, आणि झाकण परत बसवा. ‘हवा लागू दे’ म्हणून ते काढून ठेवणारे लोक आहेत, पण पंख्याची हवा सिलिंडरपर्यंत नेण्याचे काम तेच झाकण करते. जास्त तापलेल्या ऑइलला करपलेला वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही.

पातळीही पाहून घ्या. ०.६ लिटरच्या जागी लिटरभर घातले तर ऑइल घुसळून फेसाळते, ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये जाते, फिल्टर चोंदतो आणि पुन्हा काजळी. जीएक्स इंजिनात यंत्र सपाटीवर ठेवून डिपस्टिक फक्त आत टेकवायची असते, आटे फिरवायचे नाहीत. भोकाच्या खालच्या काठाला ऑइल लागले की चेंबर पूर्ण भरला. बांधाच्या उतारावर उभे केलेले यंत्र खोटी पातळी दाखवते.

प्रश्न : नवा पंप. पंधरा तास चालला, ऑइल काढले तर उन्हात चांदीसारखे चमकते. परत करावा का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : पंधरा तासांत बारीक चमक असणे साहजिक आहे. नव्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसताना धातूचा भुगा पडतो. म्हणूनच पहिले ऑइल २० तासांनी किंवा महिन्याने बदलायचे आणि पुढचे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. काढलेले ऑइल पांढऱ्या बशीत ओतून तासभर ठेवा. हळदीच्या पुडीसारखा मऊ भुगा तळाला बसला तर काळजी नको. नखाला जाणवणारे कण किंवा पापुद्रे असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून फिरवा. चिकटले तर लोखंड : रिंग, सिलिंडर, कॅम यांपैकी काहीतरी. चिकटले नाहीत आणि पांढरट असतील तर ॲल्युमिनियम, आणि मग कनेक्टिंग रॉडची शंका घ्यावी. या इंजिनांत पंपाने नव्हे, रॉडच्या टोकाला असलेल्या पळीने ऑइल उडवले जाते. पंप २० अंशांपेक्षा जास्त कलला तर पळी ऑइलपर्यंत पोहोचत नाही. व्हाळाच्या काठावर दगडांचे तीन टेकू देऊन ठेवलेला पंप किती कलतो ते एकदा पाहा. पापुद्रे निघाले असतील तर हमीचे कागद घेऊन दुकानात जा, आणि ते ऑइल बाटलीत जपून ठेवा. पुरावा तोच आहे.

थोडक्यात उत्तरे

*मोटरसायकलचे २०डब्ल्यू-४० ऑइल चालेल का? (डिचोली)* पुस्तकात बहुधा १०डब्ल्यू-३० असते. ते मिळाले तर तेच घ्या. आपल्याकडच्या उष्ण हवेत अडीनडीला २०डब्ल्यू-४० चालते. डब्यावर चार स्ट्रोकचे आणि एपीआय एसजे (ऑइलच्या दर्जाची खूण) किंवा त्यापुढचे लिहिलेले असावे. टू-टी ऑइल चेंबरमध्ये कधीही नाही. ते पेट्रोलमध्ये मिसळून जळण्यासाठी असते.

*चार स्ट्रोकच्या ब्रश कटरला किती ऑइल? (सांगे)* ३५ सीसीच्या इंजिनाला साधारण १०० मिलिलिटर, म्हणजे लहान कपभर. एवढ्याशा ऑइलमध्ये २० मिलिलिटरची घटही मोठी, म्हणून रोज कामाआधी पाहा. पहिले ऑइल १० तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी. काजूच्या बागेची सफाई रोज सहा तास चालत असेल तर आठ-नऊ दिवसांतच पाळी येते.

*ऑइल बदलताना आतून केरोसीनने धुवावे का? (पेडणे)* नको. सगळे केरोसीन निघत नाही आणि उरलेले नव्या ऑइलला पातळ करते. सुटलेला मळही फिल्टर नसल्याने पळीजवळच फिरतो. इंजिन पाच मिनिटे चालवून गरम असताना ऑइल काढले, यंत्र बोल्टाच्या बाजूला किंचित कलवून दहा मिनिटे निथळू दिले, की पुरे. ड्रेन बोल्टाचा वॉशर दर वेळी नवा घाला.

*काढलेले ऑइल वाळवीसाठी वाशांना लावले तर? (काणकोण)* पूर्वापार लावतात, पण त्याने वाळवी खात्रीने जात नाही. त्यात जळलेल्या पेट्रोलची विषारी द्रव्ये आणि धातू असतात, हाताला लावून घेण्यासारखे ते नाही. माडाच्या अळ्यात किंवा परसात तर मुळीच ओतू नका. जांभ्या दगडातून पाणी झरझर खाली उतरते, ऑइलही त्याच वाटेने विहिरीकडे जाते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू नका, आणि ज्या गॅरेजमधून परवानाधारक माणूस जुन्या ऑइलची पिंपे उचलतो तिथे नेऊन द्या.